दात्याचे नाव, पेढीची अमानत

रक्तपेढी प्रत्येक रक्तदात्याकडून दोन गोष्टी घेते: एक त्याचे रक्त आणि दुसरी त्याची माहिती. रक्त सांभाळण्यासाठी शीतकपाटे, तापमानाच्या नोंदी, परवाने आणि त्या परवान्यांची तपासणी करणारे अधिकारी असा सगळा सरंजाम शासनाने नेमून दिलेला आहे. माहिती सांभाळण्याचे काम मात्र, कायदा काहीही म्हणत असला तरी, प्रत्यक्षात नोंदणीच्या टेबलाशी बसलेल्या माणसाच्या विवेकावरच येऊन ठेपते. एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या सार्वजनिक रुग्णालयाच्या रक्तपेढीत समाजसेवा अधीक्षक म्हणून माझ्या नोकरीचा बराचसा काळ गेला, आणि त्या टेबलाशी बसून जे पाहिले, जे ऐकले आणि ऐकूनही जे कधी बोलले नाही, त्यातून माझे एक मत कायम झाले. दात्याच्या ओळखीची खातरजमा आणि त्याच्या खाजगी माहितीचे रक्षण ही दोन कर्तव्ये एकमेकांच्या आड येतात, एकाला वाढवावे तर दुसरे घटणारच, असे पुष्कळांना वाटते. माझा अनुभव याच्या अगदी उलट आहे. खातरजमा जितकी नेमकी, तितकी माहिती कमी लागते. आणि माहिती जितकी सुरक्षित, तितका दाता खरे सांगतो.

आपण स्वखुशीने, एक पैसाही न घेता रक्त द्यायला आलो असताना हे लोक जन्मतारीख, पत्ता, वडिलांचे नाव असले कचेरीतले प्रश्न का विचारतात, अशी शंका नवख्या दात्याच्या चेहऱ्यावर मी नेहमी वाचत असे. तिचे उत्तर द्यायचे तर थोडे मागे जावे लागते. रक्त विकून पोट भरणाऱ्या माणसांचा एक वर्गच एके काळी आपल्या देशात होता. त्यांच्या दारिद्र्याला नावे ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण एका पेढीत रक्त विकल्यावर थोड्याच दिवसांत दुसऱ्या पेढीत ते विकता यावे म्हणून निराळे नाव सांगणे हे त्यांच्या उपजीविकेचेच अंग होऊन बसले होते, आणि त्या खोट्या नावाची किंमत कधी अशक्त झालेल्या विक्रेत्याने तर कधी सदोष रक्त घेणाऱ्या रुग्णाने मोजली. ‘कॉमन कॉज’ या संस्थेने केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जानेवारी १९९६ रोजी निकाल दिला. त्याच निकालामुळे राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद व राज्यांच्या परिषदा अस्तित्वात आल्या, आणि १ जानेवारी १९९८ पासून मोबदला घेऊन रक्त देण्यास देशभर बंदी झाली. मोबदला गेला, तरी नाव बदलण्याचे निमित्त सर्वस्वी गेले असे नाही. रुग्णाच्या नातेवाइकांनी बदली रक्तदाता आणलाच पाहिजे असा आग्रह जिथे धरला जातो, तिथे भाऊ म्हणून पुढे आलेला इसम खरोखर भाऊ आहे, की फाटकाबाहेरच्या एखाद्या दलालाने उभा केलेला आहे, याची शहानिशा आजही करावी लागते.

नियम तसे साधे आहेत. दात्याचे वय १८ ते ६५ वर्षे असावे, वजन किमान ४५ किलो असावे, हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२.५ ग्रॅमहून कमी नसावे. दोन रक्तदानांमध्ये पुरुषाने तीन महिन्यांचे व स्त्रीने चार महिन्यांचे अंतर ठेवावे. यांपैकी वजन काट्यावर कळते आणि हिमोग्लोबिन बोटातून काढलेल्या थेंबावर कळते; पण अंतर कुठेच दिसत नाही. ते असते फक्त नोंदवहीत, आणि समोरचा माणूस नोंदवहीतल्या माणसाशी जुळला तरच त्या नोंदीला अर्थ. प्रत्येक पिशवीतील रक्ताची एचआयव्ही, बी आणि सी प्रकारची कावीळ, उपदंश व हिवताप यांसाठी तपासणी होते खरी. परंतु नुकताच झालेला संसर्ग काही काळ कोणत्याही चाचणीला सापडत नाही, आणि त्या मधल्या काळात रुग्णाचे रक्षण करणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे दात्याने प्रश्नावलीला दिलेले प्रामाणिक उत्तर. शिवाय एखादा जुना दाता पुन्हा आला आणि या खेपेस त्याच्या रक्तात दोष आढळला, तर त्याने मागे दिलेली पिशवी कोणाला गेली याचा माग काढावा लागतो. या साऱ्या गोष्टींचा विचार केला म्हणजे पेढीला दात्याविषयी नेमके किती जाणायचे असते, हे स्पष्ट होते. मागे आलेला तो आणि आज आलेला तो एकच माणूस आहे, आणि गरज पडल्यास त्याला एकट्याला गाठता येईल, एवढे कळले की पेढीचे काम भागते. त्याचा पगार, त्याची जात, त्याचा धर्म, त्याच्या घरात किती माणसे आहेत, यांच्याशी रक्ताचा सुतराम संबंध नाही. आणि ज्याच्याशी संबंध नाही ते विचारण्याचा हक्कही नाही.

नाव कसे विचारायचे यालाही एक शिरस्ता आहे, आणि तो किती मोलाचा आहे हे एका खेड्यातल्या शाळेत भरलेल्या शिबिरात मला फार जवळून दिसले. वर्गातली बाके भिंतीला लावून मोकळ्या जागेत खाटा मांडल्या होत्या, बाहेर ध्वनिक्षेपकावर भाषण चालले होते आणि दोन चुलतभाऊ एकापाठोपाठ एक रक्त द्यायला आले होते. दोघांनाही एकाच पणजोबांचे नाव ठेवलेले, आडनाव अर्थातच एक, गाव एक, वयातही जेमतेम वर्षाचे अंतर. नव्याने रुजू झालेल्या एका मदतनिसाने अर्ज हाती घेऊन त्यावरचे नाव व आडनाव मोठ्याने वाचले आणि ‘तुम्हीच ना?’ असे विचारले. खाटेवरच्या तरुणाने अर्थातच ‘हो’ म्हटले. आमचे वरिष्ठ तंत्रज्ञ पलीकडच्या खाटेशी होते, ते तिथूनच म्हणाले, “नाव तू सांगू नकोस, त्यांना सांगू दे. दादा, तुमचं पूर्ण नाव सांगा, आणि जन्मतारीख.” तरुणाने वडिलांच्या नावासह आपले नाव सांगितले तेव्हा हातातला अर्ज त्याच्या चुलतभावाचा असल्याचे उघड झाले आणि सुई टोचण्यापूर्वीच अर्ज बदलला. मग अर्ज, पिशवी व तपासणीच्या नळ्या या सर्वांवर एकाच क्रमांकाच्या चिठ्ठ्या खाटेपाशीच, दात्याच्या देखत लागल्या. थकलेला, गोंगाटात बसलेला किंवा सुईला भ्यायलेला माणूस कोणत्याही नावाला होकार देतो. म्हणून होकार देता येईल असा प्रश्नच विचारायचा नाही, हा त्या शिरस्त्याचा गाभा होय.

आपल्याकडची मधल्या नावाची पद्धत अशा वेळी दोघांना वेगळे ओळखायला मोठी उपयोगी पडते. पण स्त्रियांच्या बाबतीत तीच पद्धत अडचण करते. कॉलेजात असताना वडिलांच्या नावाने रक्तदान केलेली मुलगी काही वर्षांनी पतीच्या नावाने येते, कधी पहिले नावही बदलून येते, आणि नोंदवहीच्या दृष्टीने ती सर्वस्वी नवी बाई ठरते. काही जणी पुढे पुन्हा माहेरच्या नावाने येतात. अशा वेळी जुन्या कार्डावरचा दाता क्रमांक आणि जन्मतारीख यांची रुजुवात घातली की काम होते. नाव का बदलले, कधी बदलले, पुन्हा का बदलले, ही चौकशी टेबलावर कुणीही करायची नाही, असा आमच्या पेढीत दंडकच होता. उत्तर द्यावे न लागल्यामुळे सुटलेला एक निःश्वास मी कित्येक जणींच्या तोंडून ऐकला आहे.

रक्त घेऊन झाले की दात्याचे नाव अर्जावर आणि दप्तरात राहते. पिशवीबरोबर ते जात नाही. पिशवीच्या चिठ्ठीवर रक्तगट, आरएच घटक, पिशवीचा क्रमांक, रक्त घेतल्याची व मुदत संपण्याची तारीख, चाचण्यांचा निर्वाळा आणि पेढीचा परवाना क्रमांक असा मजकूर असतो, आणि इतका काळ या कामात घालवल्यावर मला असे वाटते की, ज्यांनी ही रचना ठरवली त्यांनी आपल्या समाजावर मोठे उपकार केले आहेत. महाराष्ट्रात आडनाव सांगितले की माणसाची जात, कधी प्रदेश, कधी धर्म, सारे सांगितल्यासारखेच होते. पिशवी न्यायला आलेला एखादा नातेवाईक खिडकीशी किंचित वाकून, आवाज खाली आणून विचारी, “मॅडम, रक्त कुणाचं आहे हो?” त्या प्रश्नात कधी निव्वळ कृतज्ञता असे, दात्याला भेटून नमस्कार करावा एवढीच इच्छा असे, कधी मात्र त्यात दुसरेच काही असे, आणि ते न बोलताही मला कळे. दोघांनाही माझे उत्तर एकच असे: “तपासलेलं आहे, तुमच्या रुग्णाशी जुळवलेलं आहे, आणि ज्यानं दिलं त्यानं काही न मागता दिलं आहे. याहून जास्त मलाही सांगता येत नाही.” कृतज्ञ नातेवाइकाची त्या उत्तराने थोडी निराशा होई, हे खरे, पण दात्याचे नाव रुग्णाला कळू लागले तर देणाऱ्यावर पुन्हा मागणीचे आणि घेणाऱ्यावर ऋणाचे ओझे येईल, आणि ज्याला नावातून काही वेगळेच शोधायचे आहे त्याच्या हाती तर आपण नसते शस्त्रच देऊ.

शिबिरात गोपनीयतेची खरी परीक्षा होते. गणेशोत्सवाचा मंडप, कारखान्याचे उपाहारगृह, सोसायटीची गच्ची, एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे व्यासपीठ, या जागांपैकी एकही जागा अनेक शारीरिक संबंध आहेत का किंवा नशेची सुई कधी घेतली आहे का, हे विचारण्याच्या सोयीची नसते. आणि तरीही ते विचारावेच लागते. मागे रांगेत शेजारी, वरिष्ठ किंवा मेहुणा उभा असताना या प्रश्नाला ‘नाही’ याखेरीज दुसरे उत्तर संभवत नाही, आणि तसल्या ‘नाही’चा रुग्णाला काडीचाही उपयोग नाही. म्हणून शिबिर ठरवतानाच मी संयोजकांकडे हारतुऱ्यांच्या आधी एक पडदा, दोन खुर्च्या आणि रांगेपासून दहा-बारा पावलांचे अंतर यांची मागणी करीत असे. पडद्याआड बसल्यावर तीच माणसे किती निराळे बोलतात, हे ज्याने ऐकले आहे त्याला गोपनीयता ही केवळ शिष्टाचाराची बाब वाटणार नाही. रक्ताच्या शुद्धतेचा तो पहिला उपाय आहे.

शिबिर आटोपल्यावर संयोजक यादी मागत. “ताई, नावं आणि मोबाइल नंबर तेवढे द्या, आभारपत्रं पाठवायची आहेत,” अशी ती विनंती बहुधा असे आणि बहुतेक वेळा ती निर्मळही असे. परंतु एकदा कागदावर उतरून बाहेर गेलेली यादी कुणाच्या हाती थांबेल हे सांगता येत नाही, आणि रक्त देण्यासाठी सांगितलेला क्रमांक मालाच्या विक्रीसाठी किंवा मतांच्या प्रचारासाठी वापरला जाणे हा दात्याचा विश्वासघात होय. आभारपत्रे आमच्याकडे द्यावीत, आम्ही ती दात्यांपर्यंत पोहोचवू, असा तोडगा मी सुचवी आणि तो बहुधा मान्य होई. त्याहून नाजूक मागणी असे परत पाठवलेल्यांच्या नावांची. एका कारखान्याच्या व्यवस्थापकांनी फार आपुलकीने विचारले होते की, आमच्या कोणत्या कामगारांना तुम्ही नाकारले ते कळले तर आम्ही त्यांच्या औषधपाण्याची तजवीज करू. हेतूबद्दल मला शंका नव्हती. पण रक्त नाकारण्याचे कारण साधी सर्दी असू शकते, काल रात्रीची झोप अपुरी झाली हे असू शकते किंवा पडद्याआड सांगितलेले एखादे सत्यही असू शकते, आणि बाहेरच्याला यांतला फरक कळत नसल्यामुळे तो नेहमी वाईटाकडेच जातो. ज्याला नाकारले त्याला कारण व पुढचा सल्ला आम्ही दिला आहे, एवढेच मी त्यांना सांगितले.

या कामातला सर्वांत अवघड भाग म्हणजे चाचणीत काही दोष आढळलेल्या दात्याला परत बोलावणे. निष्कर्ष आपल्याला कळवावा की नाही, हे दात्याने अर्जावर सही करून सांगितलेले असते, आणि तेवढ्याच अधिकारावर आम्ही त्याच्याशी संपर्क साधतो. एकदा अशाच एका तरुणाच्या क्रमांकावर फोन लावला असता तो त्याच्या वडिलांनी उचलला. “रक्तदानाचंच काही आहे का? मी बाप आहे त्याचा, मला सांगा ना ताई,” असे ते म्हणाले तेव्हा त्यांच्या आवाजातली काळजी स्पष्ट ऐकू येत होती. मी म्हटले, “काका, त्यांच्याशीच बोलायचं काम आहे. आले की फोन करायला सांगा.” “काही वाईट नाही ना?” “दात्याचं काम मी दात्याशीच बोलते, काका. तुम्ही रक्त दिलं असतं, तर तुमच्याबद्दल तुमच्या मुलालाही मी काही सांगितलं नसतं.” ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “बरं, ते बरोबर आहे. सांगतो त्याला.” पेढीचा फोन म्हणजे रोगाची बातमी, असे समीकरण लोकांच्या मनात होऊ नये, म्हणून कार्ड घेऊन जाण्यासाठी किंवा पुढच्या रक्तदानाची आठवण देण्यासाठी केलेल्या फोनवरही आम्ही हीच भाषा वापरीत असू, त्या दिवशी त्या भाषेने एका घराची झोप शाबूत ठेवली.

तो तरुण आला तेव्हा दार लावून घेऊन मी प्रथम त्याची ओळख पुन्हा पडताळली: पूर्ण नाव, जन्मतारीख, रक्तदान कुठे केले ते, आणि शेवटी कोऱ्या कागदावरची सही अर्जावरच्या सहीशी ताडून पाहिली. असल्या प्रसंगी हा सोपस्कार कठोर वाटेल. परंतु ही बातमी चुकीच्या माणसाला सांगितली तर एक विनाकारण भीतीने उद्ध्वस्त होतो आणि दुसरा आपल्या आजाराविषयी अजाण राहतो, तेव्हा खातरजमा आणि गोपनीयता या दोहोंची गाठ जर कुठे पक्की बसत असेल तर ती याच क्षणी. पेढीतली चाचणी ही चाळणी चाचणी आहे, निदान नव्हे, हे त्याला समजावून मी त्याला एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्राकडे पाठवले. तिथे काय निष्पन्न झाले ते मी लिहिणार नाही, कारण ती माहिती आजही त्याचीच आहे.

कायद्याने हे तत्त्व उशिरा का होईना, पण स्पष्ट शब्दांत मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही व एड्सविषयक अधिनियमाने, सांगितलेले अपवाद वगळता, संमतीवाचून कुणाचीही अशी माहिती उघड करण्यास मनाई केली. आणि व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी संसदेने २०२३ साली वेगळा अधिनियम संमत केला. टेबलावरचा व्यवहार मात्र कायद्याच्या पुस्तकापेक्षा रोजच्या सवयींवर चालतो. आधार कार्डाची झेरॉक्स अर्जाला जोडून ठेवण्याची सवय आपल्या सर्वच कचेऱ्यांना जडली आहे; आमच्याकडे कार्ड पाहून, छायाचित्र, नाव व जन्मतारीख ताडून ते तत्काळ परत करण्याची रीत होती, कारण पाहण्याने जी खात्री होते तीत झेरॉक्स ठेवल्याने तिळभरही भर पडत नाही. पेढीचे दप्तर पाच वर्षे जतन करावे लागते. मुदत संपल्यावर ते रद्दीवाल्याच्या हवाली न होता डोळ्यांदेखत नष्ट व्हावे, यासाठीही कुणाला तरी उभे राहावे लागते.

या साऱ्या विचाराची कसोटी लागते ती दुर्मिळ रक्तगटाच्या वेळी. १९५२ साली डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला ‘बॉम्बे’ रक्तगट भारतात सुमारे १०,००० माणसांत एखाद्याचाच असतो. साध्या तपासणीत तो ‘ओ’सारखा दिसतो, पण ‘ओ’ गटाचे रक्तही त्या रुग्णाला चालत नाही. त्याला त्याच गटाचा दाता लागतो. शस्त्रक्रिया अडली आहे, नातेवाईक हात जोडून समोर उभे आहेत आणि दात्याचा क्रमांक आपल्या वहीत आहे, अशा वेळी तो सांगून टाकावा हा मोह फार प्रबळ असतो. पण असे क्रमांक एकदा मोबाइलवरून गावोगाव फिरू लागले की त्या दात्याला दूरदूरच्या जिल्ह्यांतून अपरात्री फोन येतात, नुकतेच रक्त देऊन झाले असले तरी गळ घातली जाते, नकार दिला तर शिव्याशाप मिळतात, आणि शेवटी तो क्रमांकच बदलून टाकतो. एक रुग्ण वाचवण्याच्या घाईत पुढचे अनेक रुग्ण त्या दात्याला मुकतात. म्हणून अशा वेळी नातेवाइकांना क्रमांक न देता मी स्वतः दात्याला फोन करी, मागच्या रक्तदानाची तारीख पाही, त्याला परिस्थिती सांगे आणि निर्णय त्याच्यावर सोपवी. माझ्या अनुभवात अशा दात्यांनी, प्रकृतीची किंवा अंतराची अडचण नसेल तर, नकार दिल्याचे मला स्मरत नाही. आपले नाव सुरक्षित आहे हे ज्याला ठाऊक असते, तो हाकेला ओ देतो.

वाचकांना माझी विनंती एवढीच आहे. रक्त द्यायला जाल तेव्हा खरे नाव, खरी जन्मतारीख आणि फक्त तुम्हीच उचलाल असा क्रमांक द्या. पडद्याआड बसवले नाही, तर पडदा मागा. एखादी माहिती कशासाठी हवी आहे हे समजले नाही, तर विचारा, आणि समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर ती देऊ नका. शिबिर भरवणार असाल, तर दात्यांची यादी मागू नका. आणि आपल्या माणसासाठी पिशवी घ्यायला खिडकीशी याल तेव्हा रक्त कुणाचे, हे विचारू नका.